दाराशी कांदळ, पाठीशी अरण्य

(वर्सोवा येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



शाळांना सुट्टी लागली की मुंबईकर कुटुंबांना अरण्याचे वेध लागतात. कुणी ताडोब्याचे आरक्षण करतो, कुणी कान्ह्याला जातो. काही घरांतील नातवंडे तर आफ्रिकेतील सिंह पाहून आली आहेत. यात गैर काहीच नाही. आपल्या मुलांना वन्यजीवनाची ओढ वाटावी, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र याच मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा. वर्सोव्याच्या खाडीला येऊन मिळणारे पाणी कोठून येते? बहुतेकांचे उत्तर येईल, 'नाल्यातून'. त्या नाल्याला एक नाव आहे, त्याचा एक उगम आहे आणि तो उगम डोंगरात आहे, हे मुलांना ठाऊक नसते. याचा दोष मुलांना देता येणार नाही. त्यांच्या आईवडिलांनाही ते कुणी सांगितलेले नसते.

त्या नाल्याचे नाव ओशिवरा नदी. आरे वसाहतीच्या डोंगरांत ती उगम पावते, गोरेगावचा भाग ओलांडते आणि मालाडच्या खाडीला मिळते. या खाडीच्या मुखाशी एका अंगाला मढ आहे आणि दुसऱ्या अंगाला आपला वर्सोवा. ओशिवऱ्याप्रमाणेच मिठी, पोईसर आणि दहिसर या नद्यांचाही जन्म याच डोंगररांगेतला. उपनगरांतील या चारही नद्यांचे माहेर एकच आहे. ते म्हणजे बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्या मधोमध उभे असलेले अरण्य आणि त्याला लागून असलेली आरेची वनराई. आज आपल्याला जायचे आहे ते या माहेरी.

तेथे जाणे आता फार सोपे झाले आहे. वर्सोव्याहून मेट्रोने निघावे, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या स्थानकावर उतरून गुंदवलीहून दुसरी मेट्रो धरावी. तिच्या मार्गावर एका स्थानकाचे नावच 'राष्ट्रीय उद्यान' असे आहे. ताडोब्याला पोहोचायला एक रात्र आणि एक दिवस लागतो. येथे सकाळचा चहा घेऊन निघालेले कुटुंब पाखरांची किलबिल थांबण्याआधी अरण्यात पोहोचते. सोमवारी उद्यान बंद असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. आज त्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात. जुनी पिढी अजूनही 'बोरिवली नॅशनल पार्क' म्हणते. त्याच्याही आधी 'कृष्णगिरी' हे नाव होते. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. याच शब्दापासून कान्हेरी हे नाव आले. कान्हेरीची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तो प्राचीन ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेला आहे. त्या पाषाणावर पावसाने माती आणली आणि मातीवर हे वन उभे राहिले.

हे अरण्य किती जुने आहे, याची साक्ष पाहायची असेल तर कान्हेरीच्या पायऱ्या चढाव्यात. इसवी सनाच्या पूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षे येथे कोरीव काम चालू होते. शंभरांहून अधिक लेणी येथे आहेत. एकाच डोंगरावर इतक्या मोठ्या संख्येने कोरलेली लेणी क्वचितच आढळतात. सोपारा आणि कल्याण या तत्कालीन बंदरांच्या सान्निध्यात, तरीही बाजाराच्या गलबल्यापासून दूर, अशी ही जागा बौद्ध भिक्षूंनी निवडली. पावसाळ्यात एका जागी राहून अध्ययन करायचे, तर भोवती शांतता हवी आणि उशाशी पाणी हवे. अरण्याने या दोन्ही गोष्टी दिल्या.

कान्हेरीला जाणारे बहुतेक जण तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह पाहतात, बुद्धमूर्तींसमोर छायाचित्रे काढतात आणि परततात. त्यांच्या पायाखालून एक फार मोठी गोष्ट निसटून जाते. ती गोष्ट म्हणजे पाण्याच्या पोढी. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या बाजूला खडकात खोदलेले एक टाके आहे. डोंगरमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी लहान लहान पन्हळींनी या टाक्यांत उतरवले आहे. एका टाक्यावरील शिलालेखात सातेरक नावाच्या अमात्याने ते दान दिल्याचे कोरले आहे. त्याच लेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे आणि ती महाक्षत्रपांच्या कुळातील कन्या असल्याचेही म्हटले आहे. दोन राजघराण्यांचे वैर आणि सोयरीक इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. येथे त्या घराण्यांची आठवण उरली आहे ती पिण्याच्या पाण्याच्या एका टाक्यामुळे. पाणीदान हे पुण्य आहे, असे आपले पूर्वज मानत आणि ते पुण्य दगडात कोरून ठेवत.

ही परंपरा पुढे वेगळ्या रूपाने चालू राहिली. वाढत्या मुंबईची तहान भागवण्यासाठी १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांत हे दोन सर्वांत लहान आहेत आणि त्यांचा वाटाही अल्प आहे. तरीही त्यांनी एक मोठे काम केले. पाणलोटाचे रान राखले नाही तर तलाव गाळाने भरतात, हे ठाऊक असल्यामुळे या तलावांभोवतालचे वन राखले गेले. साष्टी बेटावरची बाकीची रानेवने शहराच्या पोटात गेली. जे वाचले ते बऱ्याच अंशी या तलावांमुळे वाचले. आजही त्यांच्या काठांवर मगरी ऊन खात पडलेल्या असतात.

आता प्रत्यक्ष अरण्यात प्रवेश करू. येथे एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. कुंपणातल्या सफारीत दिसणारे वाघ-सिंह हे या अरण्याचे रहिवासी नव्हेत. ते पाळलेले आहेत. या डोंगरांत एके काळी रानटी वाघ होता, तो नाहीसा झाला. सिंह तर येथला कधीच नव्हता. मुलांना सफारी अवश्य दाखवावी, पण तेवढ्यावर अरण्यदर्शन झाले असे समजून परत फिरू नये. खरे अरण्य बसच्या खिडकीतून दिसत नाही. ते पायी चालणाऱ्याला, तेही थांबत थांबत चालणाऱ्याला दिसते.

या अरण्याला ऋतुमानाप्रमाणे चार वेगवेगळी रूपे आहेत. शिशिरात साग, ऐन, कळंब यांची पाने गळू लागतात आणि रान उघडेबोडके भासू लागते. त्याच सुमारास पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात. पान नसलेल्या झाडावर लाल-केशरी फुलांचे घोस लागतात आणि मधासाठी पाखरांची झुंबड उडते. एका फुललेल्या सावरीखाली अर्धा तास शांत बसले तर कोतवाल, मैना, बुलबुल, हळद्या आणि सूर्यपक्षी यांची ओळख घरबसल्या मिळावी तशी मिळते. वैशाखात बहाव्याचे पिवळे झुंबर लटकते. आपल्या महाराष्ट्राचे राज्यफूल असलेली तामणही याच दिवसांत जांभळी होते. पहिल्या पावसाआधीच्या अंधाऱ्या रात्री काजवे चमकू लागतात. मग पाऊस येतो आणि आठ-पंधरा दिवसांत सारा डोंगर असा हिरवा होतो की उन्हाळ्यातली ती बोडकी झाडे हीच का, असा संभ्रम पडावा.

या वनातील एक झुडूप मात्र वर्षाच्या हिशेबाने चालत नाही. ते म्हणजे कारवी. सात वर्षे ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी सारा उतार एकाच वेळी जांभळ्या-निळ्या फुलांनी भरून टाकते. फुलली की बी धरते आणि मरून जाते. बोरिवलीच्या डोंगरांत ती २००८ मध्ये फुलली, २०१६ मध्ये फुलली आणि २०२४ मध्ये फुलली. ज्या घरात २०२४ साली बाळ जन्मले, ते बाळ दुसरी-तिसरीत जाईल तेव्हा, म्हणजे २०३२ मध्ये, कारवी पुन्हा फुलेल. याच कारवीच्या काठ्यांचे कूड विणून, त्यावर माती-शेणाचे लिंपण करून वनवासी बांधव आपल्या घराच्या भिंती उभारीत आले आहेत.

प्राण्यांची मांदियाळीही मोठी आहे. चितळांचे कळप तर सहज दिसतात. सांबर, भेकर, रानडुक्कर, वानर, मुंगूस आहेत. सशाहून फारसे मोठे नसलेले पिसोरी हरीण आहे. वाघाटी हे जगातील सर्वांत लहान मार्जारकुळांपैकी एक असलेले रानमांजर येथे आहे. पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची येथे नोंद झाली आहे. 'नीलवंत' हे फुलपाखरू पंख मिटून बसले तर ध्यानात येणार नाही, पण उडाले की काळ्या मखमलीवर निळा पट्टा झळकतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. मुंबईचे मोठेपण सांगताना आपण गगनचुंबी इमारतींची संख्या सांगतो. या यादीचाही अभिमान बाळगायला हरकत नसावी.

आणि या साऱ्यांचा स्वामी म्हणजे बिबट्या. त्याच्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण या अरण्याचे भवितव्य त्याच्याशी बांधलेले आहे.

२००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या आसपास बिबट्यांचे हल्ले भयावह वाढले. २००४ च्या जून महिन्यात तर रोज सकाळी वृत्तपत्र उघडताना हात थरथरावा अशी स्थिती होती. पाड्यांवरची, झोपड्यांतली लहान मुले बळी पडली. ज्यांच्या घरातला दिवा विझला त्यांच्या दुःखाला कोणतेही शास्त्र उत्तर देऊ शकत नाही. बिबट्यांना पकडा, दूर नेऊन सोडा, ही मागणी स्वाभाविक होती. त्याप्रमाणे पिंजरे लागले. पण पुढे जुन्नर परिसरात डॉ. विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडले की प्रश्न सुटत नाही, उलट जेथे सोडावे तेथे हल्ले वाढतात. बिबट्याचा स्वतःचा मुलूख असतो. तो मुलूख हिरावून त्याला अनोळखी जागी टाकले की तो बिथरतो आणि रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरा बिबट्या येतो. बाहेरून पकडून आणलेले बिबटे याही अरण्यात सोडले जात होते.

मुलूख म्हणजे बिबट्याला काय असतो, हे 'आजोबा'च्या कहाणीतून कळते. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे एक प्रौढ बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात संकेत देणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी प्रेमाने त्याचे नाव 'आजोबा' ठेवले. तेथून हा आजोबा चालत निघाला. शेते, रेल्वेमार्ग, महामार्ग, कारखान्यांची वसाहत आणि शेवटी खाडीचे पाणी पार करून सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास त्याने महिनाभरात केला आणि तो थेट मुंबईच्या या अरण्यात दाखल झाला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. शेकडो माणसांच्या उंबरठ्यांजवळून तो गेला असेल, पण त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. २०११ च्या अखेरीस महामार्ग ओलांडताना वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. त्याच्या जीवनावर पुढे २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. माणसाला न दुखावता इतकी वाट चालून आलेल्या या प्राण्याला रस्त्यावर कुणाच्या तरी घाईने मारले, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

या अनुभवांतून वनखाते शहाणे झाले. बिबट्या-मानव संघर्ष कसा हाताळावा, याच्या मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २०११ मध्ये काढल्या. त्याच वर्षी उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये यांच्या कारकिर्दीत 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू झाला. वनाधिकारी, अभ्यासक, पत्रकार, पोलीस आणि भोवतालच्या वसाहतींतील रहिवासी एका टेबलाशी बसले. कॅमेरे लावून केलेल्या २०१५ च्या पाहणीत या परिसरात ३५ बिबटे आढळले, तर २०१८ च्या पाहणीत ४७. म्हणजे बिबटे कमी झाले नाहीत, तरीही २००४ सारखी स्थिती पुन्हा आली नाही. फरक पडला तो माणसांच्या वागण्यात.

आता यात आपला संबंध कोठे येतो? उत्तर अगदी घरगुती आहे. बिबट्याच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासातून दिसले आहे. कुत्री वाढतात उघड्यावरच्या कचऱ्यावर. कचरा टाकतो आपण. सोसायटीच्या भिंतीपलीकडे टाकलेले उरलेले अन्न कुत्र्याला बोलावते आणि कुत्र्याच्या मागे बिबट्या येतो. मग दुसऱ्या दिवशी 'बिबट्या वस्तीत घुसला' असा मथळा झळकतो. त्याला वाट दाखवली कुणी, हे मथळ्यात येत नाही. आणि या चुकीची किंमत बहुधा चूक करणारा मोजत नाही. २०२२ मध्ये दिवाळीच्या पहाटे आरे वसाहतीत जेमतेम सव्वा वर्षाचे एक बालक बिबट्याच्या हल्ल्यात गेले. ज्या पाड्यांवर रात्री दिवे नाहीत, घरात शौचालय नाही, तेथे राहणाऱ्यांना हा धोका अधिक आहे. म्हणून बिबट्याचे कौतुक दिवाणखान्यात बसून करताना पाड्यावरच्या आईचाही विचार केला पाहिजे. तिच्या दारात दिवा लागणे, तिच्या वस्तीतला कचरा वेळेवर उचलला जाणे, हेही वन्यजीव संरक्षणच आहे.

आश्चर्य असे की, ज्यांना या प्राण्याचा खरा धोका आहे, त्यांनीच त्याला देव मानले आहे. नवापाडा, रावणपाडा, चिंचपाडा अशी नावे असलेल्या पाड्यांवर वारली बांधवांच्या पिढ्या नांदल्या. त्यांचा देव वाघोबा. वाघ काय किंवा बिबट्या काय, दोघांनाही तो एकाच नावाने हाक मारतो. दगडावर किंवा लाकडावर कोरलेली त्याची आकृती, सोबत चंद्र-सूर्य, वर शेंदूर. दिवाळीच्या सुमारास वाघबारशीला त्याची पूजा होते. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर भागांतील अशी दीडशे वाघोबा स्थाने एका अभ्यासात नोंदवली गेली. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पूजेत भोळेपणा नाही. वाघोबा गुरे नेतो, प्रसंगी माणूसही नेतो, हे वारल्यांना ठाऊक आहे. 'तूही येथलाच, आम्हीही येथलेच, तू तुझी मर्यादा राख, आम्ही आमची राखतो', असा हा करार आहे. वसुबारसेला गाईची पूजा करणाऱ्या समाजाला तो समजायला कठीण जाऊ नये.

आपल्या सबंध महाराष्ट्रात देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेल्या त्या रानातली काडीही कुणी तोडत नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला, तेव्हा अनेक दुर्मीळ वनस्पती केवळ या श्रद्धेमुळे टिकून राहिल्याचे दिसले. पण श्रद्धेचा वारसा सांगताना स्वतःकडेही पाहावे लागते. वटपौर्णिमेला वडापाशी जाण्याऐवजी बाजारातून वडाची तोडलेली फांदी विकत आणणे ही कोणती वृक्षपूजा? माकडांना फुटाणे-बिस्किटे चारून पुण्य मिळते, असे समजून उद्यानाच्या वाटेवर गाड्या थांबतात. त्या खाण्याने माकडांचे रान सुटते, ती माणसावर धावून येऊ लागतात आणि मग त्यांना पकडण्याची वेळ येते. त्यांच्यासाठी रानात उंबर आहे, जांभूळ आहे. रानच्या प्राण्याला रानचेच खाऊ द्यावे, यात अधिक पुण्य आहे.

आता डोंगरावरून पुन्हा खाली, आपल्या वर्सोव्याला येऊ. डोंगरात निघालेल्या पाण्याचा शेवटचा मुक्काम येथे आहे आणि येथेही एक अरण्य उभे आहे. लोखंडवाला संकुलाच्या पाठीमागे, खाडीच्या चिखलात उभ्या असलेल्या झाडीला अनेक जण 'खाडीतली झुडपे' म्हणतात. ते कांदळवन आहे. तिवर, कांदळ, चिप्पी ही त्यातली झाडे. चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिली उभ्या कराव्यात तशी जमिनीतून वर येतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, लांब शेंगेसारखे वाढते आणि मग चिखलात पडून उभे राहते. लेकराला पायावर उभे करूनच घराबाहेर पाठवणाऱ्या आईसारखे हे झाड. कोळंबी, चिंबोऱ्या, बोय, निवट्या यांची पिले याच मुळांच्या आडोशाने वाढतात. वर्सोवा कोळीवाड्यातल्या होडीला मिळणाऱ्या मासळीचे बालपण बऱ्याच अंशी या चिखलात गेलेले असते.

२६ जुलै २००५ चा दिवस येथे बसलेल्या कुणीही विसरलेले नसेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. डोंगराने सोडलेले पाणी खाली आले, तेव्हा नद्यांची पात्रे आक्रसलेली होती आणि पाणी सामावून घेणारी खारजमीन भरावाखाली गेली होती. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालाने ते संरक्षण पक्के केले. राज्यात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. एवढे झाले तरी प्रश्न मिटलेला नाही. वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यासाठी ४५ हजारांहून अधिक कांदळवृक्ष तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. त्याबदल्यात भरपाईची लागवड करावयाची आहे. तासन् तास वाहतुकीत अडकणाऱ्या नोकरदाराला रस्ता हवा आहे, हे नाकारून चालणार नाही. २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तुटली, तेव्हा अनेकांना दुःख झाले. आज त्याच मेट्रोने आपण प्रवासही करतो. विकासाला विरोध करणे हा येथे सांगण्याचा हेतू नाही. पण तोडलेले झाड मोजले जाते तसेच लावलेले झाडही मोजले गेले पाहिजे, ते पाच वर्षांनी जगले की नाही हे विचारले गेले पाहिजे. हे विचारण्याचे काम जागरूक नागरिकांचे आहे आणि त्यात वर्सोव्याचा क्रमांक पहिला असला पाहिजे.

वर्सोव्याने असे काम पूर्वी करून दाखवले आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पेशाने वकील असलेले अफरोज शाह आणि त्यांचे चौऱ्याऐंशी वर्षांचे शेजारी असे दोघे जण या किनाऱ्यावरचा कचरा उचलू लागले. प्लास्टिकचा थर इतका होता की वाळू दिसत नव्हती. सुरुवातीला लोक पाहून हसले. मग एकेक जण येऊ लागला, कोळीवाड्यातली माणसे आली, शाळकरी मुले आली. दर शनिवार-रविवारी हे श्रमदान चालले. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये या कामाचा गौरव केला. परंतु खरा गौरव २०१८ च्या मार्च महिन्यात झाला. एका सकाळी वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिले बाहेर पडली आणि समुद्राकडे चालू लागली. कासवांची पिले पाहायला आपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जातो. ती येथे, मुंबईच्या किनाऱ्यावर जन्मली. दोन माणसांनी वाळू मोकळी केली आणि समुद्राने आपले लेकरू विश्वासाने तेथे ठेवले.

बंधुभगिनींनो, या व्याख्यानाच्या शेवटी काही साध्या गोष्टींचा आग्रह धरायचा आहे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून चार वेळा, प्रत्येक ऋतूत एकदा, या अरण्यात जावे. पहाटे जावे, डब्यात घरचे पोहे न्यावेत, प्लास्टिकची पिशवी घरीच ठेवावी. मोबाईल खिशात आणि आवाज हळू ठेवावा. मुलांच्या हाती एक वही द्यावी. पाहिलेल्या पाखराचे नाव आणि तारीख त्यांनी लिहावी. नाव माहीत नसेल तर चित्र काढावे. आजी-आजोबांनी सोबत जावे, कारण भोकर, करवंद, आवळा, हिरडा, बेहडा यांची ओळख त्यांनाच आहे. परतताना एखादा वाटाड्या वनरक्षक भेटला तर थांबून त्याची विचारपूस करावी. रात्री-अपरात्री हे रान तो राखतो.

आणि ज्या दिवशी बोरिवलीला जाणे जमणार नाही, त्या दिवशी संध्याकाळी खाडीच्या काठापर्यंत चालत जावे. गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तर अवश्य जावे आणि किनाऱ्यावर परत आलेल्या मूर्तींचे अवशेष पाहावेत. पुढच्या वर्षी शाडूची मूर्ती आणण्याचा निर्णय घ्यायला मग कुणाच्या उपदेशाची गरज उरणार नाही.

२०३२ मध्ये कारवी पुन्हा फुलायची आहे. तोवर ओशिवऱ्याला मुलांनी नाला न म्हणता नदी म्हणावे आणि ती नदी म्हणवण्यासारखी व्हावी, एवढी अपेक्षा या सभागृहातील प्रत्येक घराकडून आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाच्या मेट्रोने पहिली तुकडी निघणार आहे. नावे दाराशी नोंदवून घेतली जात आहेत.